तकीने न जोडलेला दगड

शिगरच्या खोऱ्यात दोन प्रकारचे दगड निघतात, असं स्कर्दूच्या बाजारात म्हणायचे: एक अल्लाचे आणि दुसरे तकीचे. फरक कळला तर तुम्ही व्यापारी, नाही कळला तर गिऱ्हाईक. तकीने हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तो दाढीतल्या दाढीत हसला होता. आपल्या नावाची म्हण व्हावी असं कुणाला वाटत नाही? पण म्हण एकदा तोंडोतोंडी झाली की ती कुणाच्या अंगणात जाऊन बसेल याचा नेम नसतो, हे तेव्हा त्याच्या ध्यानात आलं नाही.

खोऱ्यातले पुरुष डोंगरात भोकं पाडतात आणि सुरुंग लावून बेरूज काढतात. बेरूज म्हणजे हिमनदीचं पाणी गोठून सहा बाजूंचा खांब झाला तर जसा दिसेल तसा खडा. अंगठीवाला तो वजनावर घेतो आणि तासून टाकतो, त्याचं काही विशेष नाही. शौकिनाची तऱ्हा निराळी. त्याला खडा घालायचा नसतो. काचेच्या कपाटात दिव्याखाली ठेवायचा, जेवण झाल्यावर चार पाहुण्यांना दाखवायचा आणि पाहुणे गेल्यावर एकट्याने बघत बसायचं, एवढ्यासाठी तो एका घराची किंमत मोजतो. मोजतो ती मात्र हात न लागलेल्या वस्तूची. टोक शाबूत हवं, कडेला खरचटलेलं नको, अंगावर तुकतुकी हवी, आणि मुख्य म्हणजे खडा ज्या दगडावर उगवला त्याच दगडावर उभा हवा. खाली पांढऱ्या दगडाची बैठक, बाजूला अभ्रकाच्या पाकळ्या आणि मधोमध निळा खांब. बैठकीवरचा खडा घरमालक. सुटलेला खडा भाडेकरू, त्याला कोण विचारतो.

आता डोंगराच्या पोटात सुरुंग उडाला की दहातले नऊ खडे बैठकीवरून सुटणारच. तिथे तकी लागायचा.

तीस वर्षं त्याने तेच केलं. कुणी पोत्यात तुकडे घेऊन यायचा, पंधरा दिवसांनी परत जाताना त्याच्या हातात घरमालक असायचा. लोकांनी त्याला उस्ताद म्हणायला सुरुवात केली. याला फसवणूक म्हणायला तकी तयार नव्हता. "हाडवैद्याने पाय बसवला तर पाय खोटा होतो का?" असं तो विचारायचा. हाडवैद्य एकाचा पाय दुसऱ्याला बसवत नाही, हे त्याला कुणी सुनावलं नाही, कारण ऐकणाऱ्यांपैकी अर्ध्यांची कामं त्याच्याकडे पडलेली असायची. पुढे व्यापारी जांभळा दिवा घेऊन फिरू लागले. त्या उजेडात डिंक दुधासारखा पांढरा चमकतो. खोऱ्यातले बाकीचे जोडणारे एका हंगामात उघडे पडले. तकीने एक अख्खा हिवाळा घरात काढला, डिंकात पांढऱ्या दगडाची पूड मिसळली, आणखी काय मिसळलं ते कुणाला सांगितलं नाही, आणि वसंतात दिवा आंधळा झाला. त्यावर समाधान न मानता तो जोडाच्या जागी अभ्रकाची एक पाकळी अशी बसवू लागला की अर्धी खड्यात, अर्धी बैठकीत. अशी पाकळी फक्त उगवताना अडकते. ती दिसली की अनुभवी व्यापारीसुद्धा भिंग खाली ठेवायचा. खऱ्याची खूण खोट्याला लावायची युक्ती त्याला सुचली, त्या दिवशी त्याने स्वतःसाठी जर्दाळूंच्या बियांचं तेल घालून नूडल्स करवून घेतल्या होत्या.

त्याची मुलगी मर्झिया शेजारच्याच घरात दिली होती. जावई रोझी अली, वय अठ्ठावीस, हाडाने काटक, बोलायला कमी. तो आणि त्याचा चुलतभाऊ फिदा मिळून वरच्या डोंगरात एका भोकात काम करायचे. गेल्या हिवाळ्यात त्या भोकाचं छत खाली बसलं. रोझी बाहेर पाणी उकळवत होता म्हणून वाचला. फिदाला काढायला चार दिवस लागले. उन्हाळ्यात रोझी पुन्हा त्याच भोकात जाऊ लागला, तेव्हापासून तो निघताना मर्झिया त्याच्याशी बोलायची बंद झाली. भांडायची नाही. त्याची भाकरी बांधून उंबऱ्यावर ठेवायची आणि मागे वळायची.

भादव्याच्या सुमाराला एका दुपारी रोझी शालीत काहीतरी गुंडाळून सासऱ्याकडे आला. तांबूस चिखलाचा गोळा होता, दोन ओंजळींत मावेल न मावेल एवढा.

"अब्बा, पोकळी लागली. सुरुंगाशिवाय, नुसत्या पहारीने," तो म्हणाला. "अंधारात काढलाय. आत काय आहे दिसत नाही, पण हाताला लांब लागतंय."

इथे त्या धंद्याची एक रीत सांगायला हवी. ज्याच्या हाती खरा, अखंड दगड लागतो तो त्याला धूत नाही. चिखलासकट बाजारात नेतो, आणि व्यापारी स्वतःच्या हाताने, सगळ्यांसमोर धुतो. डोंगराची घाण हीच त्या धंद्यातली सही. खोऱ्यातल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारा. तकीला तर ही रीत इतरांपेक्षा जास्त ठाऊक होती, कारण जोडलेल्या दगडांना नंतर चिखल फासून द्यायचे पैसे तो वेगळे घ्यायचा.

तरीही त्याने पाण्याची परात पुढे ओढली.

का, ते त्याला नंतरही नीट सांगता आलं नाही. तीस वर्षं त्याच्यासमोर जे आलं ते मोडूनच आलं होतं. एकदा अखंड बघायचं होतं, बस. बोटं आधी पाण्यात गेली आणि अक्कल मागून आली. तोवर एक कोपरा धुऊन निघाला होता, आणि अर्धा धुतलेला दगड तर पूर्ण धुतलेल्यापेक्षा संशयाचा.

तीन दिवस तो दाराला कडी लावून बसला. जर्दाळूची काडी, दात घासायचा ब्रश, पाणी, पुन्हा पाणी. तिसऱ्या दिवशी सकाळच्या उन्हात दगड त्याच्यासमोर उभा राहिला. वीतभर उंचीचा खांब, टोक असं की जणू आत्ताच कुणी सुरीने कापलंय. पायथ्याशी तीन लहान खांब, थोरल्याला टेकून उभ्या राहिलेल्या लेकरांसारखे. आणि बैठकीजवळ अभ्रकाची एक पाकळी, अर्धी आत, अर्धी बाहेर. सवयीने तो जोड शोधत राहिला. तासभर फिरवला. कुठेच काही करायचं नव्हतं. त्याचे हात मांडीवर रिकामे पडून राहिले.

मर्झिया बघायला आली. तिने दगड पाहिला, मग बापाकडे पाहिलं.

"किती?"

"पस्तीस लाख. घाई केली तर तीस."

"मुसाच्या जीपमध्ये निम्मा वाटा अकरा लाखांना आहे," ती म्हणाली. म्हणजे तिने आधीच चौकशी करून ठेवली होती.

रोझी दारात उभा होता. "मी जीप चालवू? स्कर्दूच्या रस्त्यावर?"

"छत जीपलाही असतं," मर्झिया म्हणाली, "पण ते बसत नाही."

कित्येक महिन्यांनी ती नवऱ्याशी एवढं बोलली होती. रोझी हसला आणि म्हणाला, बरं, विकला तर नाही जाणार वर. बापासमोर दिलेला शब्द म्हणून तिने तो पदरात बांधून घेतला.

पहिला व्यापारी स्कर्दूहून आला. त्याने दगड हातात घेतला, दिवा मारला, भिंग लावलं आणि मग चक्क टाळ्या वाजवल्या. "उस्ताद, हे तुमचं सगळ्यात मोठं काम. आता मेलात तरी चालेल." तकीने सांगितलं की हे माझं काम नाही. व्यापाऱ्याने डोळा मारला. दीड लाख म्हणाला आणि वर सांगितलं, यात एक लाख तुमच्या हाताचे आहेत.

मग रोझी एकटाच दगड घेऊन स्कर्दूला गेला. नाव वेगळं सांगितलं, गाव वेगळं सांगितलं, सासऱ्याचा उल्लेख टाळला. दुकानदाराने दगड उलटा केला, सुलटा केला, दिव्याखाली धरला. "कुठेच जोड दिसत नाही," तो म्हणाला. रोझीचा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच तो पुढे म्हणाला, "म्हणजे तकीचाच. दुसऱ्या कुणाला जमेल असं?"

उरला एकच माणूस. पेशावरचा गुलरेझ खान, ज्याला सगळे लाला म्हणत. वर्षातून एकदा, बर्फाने वाट बंद होण्याआधी तो यायचा आणि खोऱ्यातला सगळ्यात चांगला माल घेऊन परदेशातल्या दगडांच्या जत्रेला जायचा. मोठा जाणकार, भाव पाडण्यात त्याहून मोठा, पण दिलेला शब्द न मोडणारा. तकीशी त्याची वीस वर्षांची ओळख होती, आणि त्या ओळखीवरच तकीची सगळी भिस्त होती. ओळख कशी होती हेच नेमकं तो विसरला.

लाला आला तेव्हा पॉप्लरची पानं पिवळी झाली होती. मर्झियाने मिठाचा चहा दिला. लालाने नेहमीप्रमाणे खिशातून साखरेची पुडी काढून त्यात टाकली आणि तकीने नेहमीप्रमाणे तोंड फिरवलं. मग दगड मध्ये ठेवला. रोझी भिंतीशी बसला, मर्झिया चुलीशी.

लालाने दिवा लावला, विझवला. भिंगातून पाकळी बघितली. टोकावरून अंगठा फिरवताना त्याचा श्वास अडकलेला तकीने ऐकला.

"उस्ताद," तो शेवटी म्हणाला, "मी खूप माल बघितलाय. एवढा देखणा नाही."

"हा जोडलेला नाही, लाला."

"नाही ना."

"कुराणाची शपथ घेतो."

"शपथ कशाला. आठवतंय, चार वर्षांपूर्वी तो दुहेरी खांब दिलात, तेव्हाही घेतली होती."

आठवत होतं. तकीने चहाचा पेला उगाच फिरवला.

"पाकळी बघा ना. अर्धी आत आहे."

"बघितली. तुमची पाकळी नेहमीच अर्धी आत असते. ही थोडी तिरपी आहे. आधीच्या सरळ बसायच्या. हात आणखी सुधारलाय तुमचा."

"लाला, तो चिखलात आला होता. ह्याने आणला, ह्याला विचारा."

"चिखल कुठाय?"

सगळ्यांनी मर्झियाकडे पाहिलं. ती चुलीकडे बघत होती. "परातीत गाळ साचला होता," ती म्हणाली. "चांगली माती होती. चूल लिपली."

लाला मनापासून हसला. त्या हसण्यात कुचेष्टा नव्हती, म्हणून ते जास्त लागलं.

मग तकीने ते केलं जे त्याने एरवी मरेपर्यंत केलं नसतं. म्हणाला, "तुमचा फोन काढा. विकलेल्या मालाचे फोटो असतील त्यात. मी सांगतो कुठले माझे. सगळे सांगतो. मग तर पटेल की मी आज खरं बोलतोय?"

लालाने फोन दिला. तकी एकेक फोटोवर बोट ठेवत गेला. हा माझा. हा खालून जोडलेला. ह्याचं टोक दुसऱ्या खड्याचं. ह्याची बैठक हुंझा खोऱ्याकडची, खडा इथला. सहाव्या फोटोला लालाने चहा खाली ठेवला. नवव्याला त्याने कपाळ पुसलं. दोन तर असे निघाले जे त्याने खरे म्हणून खऱ्याच्या भावाने घेतले होते आणि खरे म्हणूनच विकले होते. अकरा झाले.

"आणि हा?" लालाने स्वतःच एक फोटो पुढे केला. "हा तुमचा म्हणून मी चाळीस हजारांना घेतला. तसाच सांगून पुढे दिला."

तकीने बघितलं. "हा मी हातातसुद्धा घेतला नव्हता. हा खरा होता."

चुलीत लाकूड सरकलं.

"बघा म्हणजे," लाला हळू म्हणाला, "वीस वर्षं ज्याने मला खोट्यात खरं आणि खऱ्यात खोटं दाखवलं, त्याच्याच सांगण्यावर मी आज पस्तीस लाख ठेवायचे. उस्ताद, तुम्ही आत्ता काय सिद्ध केलंत? एवढंच, की माझा डोळा तुमच्यापुढे चालत नाही."

हिशोब बरोबर होता.

"एक उपाय आहे," लाला म्हणाला. "हातोडी घ्या. खांबावर एक टोला मारा. जोडलेला असेल तर जोडावरच सुटेल. अल्लाचा असेल तर भलतीकडेच तुटेल, आणि मी भर बाजारात सांगेन की तकी उस्ताद खरं बोलला."

"आणि विकायचं काय?"

"तुम्ही आहातच की जोडायला."

हे लालाला विनोद म्हणून बोलायचं नव्हतं. बोलल्यावर त्यालाच ओशाळल्यासारखं झालं, आणि त्याने रोझीकडे पाहिलं. रोझी जमिनीकडे बघत होता.

"तीन लाख," लाला म्हणाला. "जोडकामाला आजवर कुणी दिले नाहीत. मुलीच्या तोंडाकडे बघून देतोय. नको असेल तर राहू द्या, मी उद्या खाली उतरतोय. बर्फ पडायला आलाय."

तकीने जावयाकडे पाहिलं. दगड त्याचा होता. रोझीने मर्झियाकडे पाहिलं. तिने चुलीत फुंकर घातली, फार वेळ घातली, जाळ चांगला पेटलेला असतानाही.

"द्या," रोझी म्हणाला.

लालाने पैसे मोजून दिले आणि दगड बांधायला घेतला. तकीचे डोळे त्याच्या हातांवर खिळले. कारण बांधण्यावरून कळतं. अखंड दगड बैठकीवर उभा ठेवतात, बैठकीला कापूस घट्ट भरतात आणि खड्याभोवती मोकळी जागा सोडतात; तो स्वतःचं स्वतः उभा राहतो. जोडलेला दगड आडवा निजवतात आणि जोडाखाली उशी देतात, कारण रस्त्याच्या हादऱ्यांवर कुणाचा भरवसा. लाला डब्यावर वाकला तेव्हा तकीने मनात एक विचित्र प्रार्थना केली: या अल्ला, हा मला लुबाडत असू दे. ह्याला सगळं कळलेलं असू दे. तीन लाखांत घेऊन तिकडे खरा म्हणून विकू दे, चार हवेल्या बांधू दे. निदान एका माणसाला ठाऊक असेल.

लालाने दगड अलगद आडवा निजवला. खांबाच्या पायथ्याशी, जिथे जोड असता तिथे, कापसाचे दोन जाड थर दिले. मग थोडा विचार करून तिसरा दिला.

"तुमच्या कामाची काळजी घेतोय, उस्ताद," तो म्हणाला आणि झाकण लावलं.

तो गेल्यावर मर्झियाने पेले उचलले. लालाच्या पेल्यात तळाशी साखर राहिली होती, ती तिने बोटाने खरवडली. मग बापाकडे पाठ करून विचारलं, "अब्बा, एक विचारू?"

"विचार."

"तीन दिवस दार बंद होतं. धुताना थोडंसं कुठे… सुटलं वगैरे होतं का? आम्ही कुणाला सांगणार नाही."

तकी रोझीकडे वळला. "तू काढलास ना तो. तुझ्या हातांनी. सांग हिला."

रोझी खोटं बोलणारा माणूस नव्हता, हीच तर अडचण होती.

"अंधार होता, अब्बा," तो म्हणाला. "चिखल होता सगळा. हाताला लांब लागलं, एवढं खरं. आत अखंड होता का, ते मी कसं सांगू? उभा असलेला मी पहिल्यांदा बघितला तो तुमच्याकडेच."

त्याच्या बोलण्यात दोष काढायला जागा नव्हती. तकीने दोन्ही हात समोर धरून बघितले. नखांत अजून तांबूस माती होती, पुरावा म्हणून फारच थोडी.

तीन लाखांतले दीड लाख फिदाच्या बायकोला गेले. भोकात दोघांची भागी होती आणि मेलेल्याचा वाटा बुडवत नाहीत. उरलेल्यात जीपचं एक चाकही आलं नसतं. मुसाने वाटा दुसऱ्या कुणाला दिला.

चौथ्या दिवशी सकाळी रोझीने पहार खांद्यावर घेतली, डोक्याला दिवा बांधला. उंबऱ्यावर भाकरी ठेवलेली होती. मर्झिया आत होती. तकी अंगणात उन्हाला बसला होता. तो उठला, फाटकापर्यंत गेला आणि दुसरं काहीच सुचेना म्हणून म्हणाला, "रोझी, काही लागलंच तर धुऊ नको. चिखलासकट ने."

"नेईन," रोझी म्हणाला. मग जरा घुटमळला. सासऱ्याचा मान राखून, डोळ्याला डोळा न देता तो पुढे म्हणाला, "परस्पर बाजारात नेईन, अब्बा. इकडे नाही आणणार. राग मानू नका."

"राग कसला," तकी म्हणाला.

रोझी वाटेला लागला. वळणापर्यंत त्याच्या पहारीचं टोक दिसत होतं. आत मर्झियाने चूल पेटवली असावी. धूर छपरातून वर निघाला. तकी दारातून डोकावला. जाळाच्या उजेडात चुलीची तांबूस बाजू जागोजाग लुकलुकत होती. गाळात अभ्रक होतं. तो तिथेच बसला आणि मर्झिया काही बोलते का याची वाट बघू लागला.